बुवांचा श्वास

नृसिंह जयंतीच्या उत्सवातलं शेवटचं कीर्तन खवणेकरांच्या हॉलमध्ये ऐन रंगात आलं होतं. निखिलबुवा आचरेकरांनी प्रल्हादाला कड्यावरून लोटलं होतं आणि तो खाली पोचायच्या आत गजर धरला होता. बायकापुरुष मांडीला मांडी लावून बसलेले, सोफे गॅलरीत गेलेले, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत पोचलेला. दारं बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दोन्ही एसी सुरू. हर्षदा खवणेकर टाळ्या वाजवत होती. बुवांच्या पाठीमागे भिंतीला लागून काचेची टाकी होती आणि टाकीतल्या निळसर उजेडात प्रवाळाच्या फांद्या, जांभळ्या टोकांच्या. बाजूला बसवलेलं यंत्र अधूनमधून घोट घेतल्यासारखा आवाज करायचं आणि नळीतून पाण्यात सोड्याचं द्रावण सोडायचं. त्याला मात्रक म्हणत. त्या संध्याकाळी मात्रक जरा जास्तच घोट घेत होतं, पण त्या गजरात तिकडे कोणाचं लक्ष जाणार?

मालवणात देवळाच्या सभामंडपातलं वैशाखाचं कीर्तन बंद होऊन काही वर्षं झाली होती. दिवस मावळला तरी हवा अंगाला चिकटून राहायची, घाम वाळायचाच नाही आणि म्हाताऱ्या माणसांना बसल्या जागी भोवळ यायची. मग उत्सव घराघरांत आला. ज्याचा हॉल मोठा आणि एसी धड, त्याच्याकडे कीर्तन.

तोच उकाडा समुद्रातही उतरला होता. किल्ल्यामागच्या खडकांवरचं प्रवाळ पांढरं पडलं आणि मेलं. जे थोडे तुकडे जिवंत हाती लागले, ते ‘अब्धिसखा’ नावाच्या संस्थेने गावोगावच्या, शहरोशहरीच्या पालकघरांना वाटले. टाकी त्यांची, मात्रक त्यांचं, माया घरच्यांची. पाऊस सरून समुद्र निवला की कार्तिकात पाणबुडे हे तुकडे परत खडकांवर लावणार होते. हर्षदा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “लेक माहेरपणाला आलीय. कार्तिकापर्यंत खाऊपिऊ घालायचं आणि ओटी भरून सासरी धाडायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावून ती टाकीशी आली, तर लेकीची टोकं सोलली होती. जांभळा रंग उतरून आतला चुन्याचा सांगाडा उघडा पडला होता. एखाद्याचं बोट तव्याला लागून कातडी निघावी तसं. मात्रकावर हिरवा दिवा शांत तेवत होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

तिचा नवरा सुजित चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. “काय गो, काय झाला?”

“बघ ना. टोकं गेली.”

“आणि दिवो हिरवोच?” तो वाकून बघत म्हणाला. “मग ह्या यंत्राक डोळे खंय आसत?”

संस्थेला कळवल्यावर कुडाळच्या कार्यालयातून ऋत्विक पेठे आला. तरुण, नम्र, दाराबाहेर बूट काढून पाय पुसून आत येणारा. त्याने टाकीचे फोटो काढले, हातातल्या टॅबलेटच्या पाटीवर आलेख उघडला आणि तो हर्षदासमोर धरला.

“मॅडम, हा तुमच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच. दिवसभर छान आहे. पण उत्सवात रोज संध्याकाळी बघा, असा खाली येतो. दोनअडीच तास खाली राहतो, मग हळूहळू वर. नेमकी तुमच्या कार्यक्रमाची वेळ.”

“कीर्तनाची.”

“हो, कीर्तनाची. गर्दी, झांजांचा कंप, उदबत्तीचा धूर. जीव नाजूक आहे, ताण सहन होत नाही त्याला. आम्ही याला सामूहिक गायनाचा ताण असं नाव दिलंय.”

“नावही ठेवून झालं?” हर्षदाने विचारलं.

त्याला त्यातली धार कळली नाही, किंवा कळूनही तो नम्रच राहिला. त्याच दिवशी दुपारी सगळ्या पालकघरांच्या फोनवर संदेश आला. प्रवाळ असलेल्या खोलीत भजन, कीर्तन, आरती व तत्सम सामूहिक गायन टाळावे. मालवण येथील एका घरात यामुळे प्रवाळाची गंभीर हानी झाली आहे. घराचं नाव नव्हतं. पण मालवणात एवढं पुरतं. जिन्यात भेटलेली रेश्मा परुळेकर म्हणाली, “काय गो हर्षदा, आता पोराच्या वाढदिवसाक हॅपी बर्थडे म्हणूचा की नुसते ओठ हलवूचे?” ती हसली, पण तिच्याही घरी टाकी होती आणि त्या हसण्याच्या आत भीती होती.

हर्षदाला खरा संताप आला तो संध्याकाळी, बुवा घरी आले तेव्हा. बुवा तिच्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान. एरवी दारातूनच ‘वहिनी, चहा’ असा खर्जातला पुकारा करत येणारा माणूस, आज गप्प येऊन टाकीसमोर बसला. त्यांनी काचेला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

“वहिनी, मी कीर्तन थांबवतोय,” ते म्हणाले.

“कुठलं?”

“सगळीच. मनात एकदा बसलं ना, की आपल्या आवाजानं जीव मेलाय, तर तोंडातून नाव कसं निघणार? प्रल्हादाची गोष्ट सांगत होतो मी. नाव घेणाऱ्याला आग जाळत नाही असं म्हणत होतो. आणि पाठीमागे हे भाजत होतं.”

सुजितने चहा आणून ठेवला. बुवांनी कप उचलला नाही.

हर्षदा त्या कपाकडे बघत राहिली. ज्याचं कीर्तन ऐकून माणसं दोन दिवस घरात भांडण करत नाहीत, अशा माणसाच्या गळ्यात कोणीतरी कुडाळच्या कचेरीत बसून हत्येचं पाप बांधलं होतं. कशावर? एका उतरत्या रेघेवर. पण ती ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. रेघ खोटी नव्हती हेही तिला दिसत होतं. सामू खरोखरच उतरला होता, आणि खरोखरच कीर्तनाच्या वेळी.

“सामू उतरला तर टोकं भाजत नाहीत,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “भाजतात ती अल्कता चढली तर.”

“म्हणजे काय ता आमका सांग,” सुजित म्हणाला.

“उद्या सांगते. उद्या सकाळी या, बुवा. झांजा नको, नुसता श्वास घेऊन या.”

सकाळी ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन लांब काचेची मापनळी, आम्ल आणि रंगद्रव्याच्या दोन बाटल्या घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर तिने टाकीतलं पाणी दोन पेल्यांत सारखं मोजून ओतलं. दोन्हींत पहिल्या बाटलीतले थेंब टाकले. पाणी निळं झालं. एका पेल्यात तिने सरबताची नळी ठेवली आणि तो पेला बुवांपुढे सरकवला.

“फुंका.”

“फुंकू?”

“गजराच्या आधी दम भरता तसा दम भरा आणि सोडा त्यात.”

बुवांनी गाल फुगवून दम सोडला. बुडबुडे उठले. पुन्हा, आणखी एकदा. निळं पाणी आधी हिरवट झालं आणि मग पिवळं पडलं. बुवांनी नळी तोंडातून काढली आणि ते घाबरून मागे सरले.

“बघितलंत ना? माझ्याच श्वासानं,” ते म्हणाले.

“हो, तुमच्या. सुजितनं फुंकलं असतं तरी झालं असतं, पेठ्यांनी फुंकलं असतं तरी. आपण कर्बवायू सोडतो, तो पाण्यात विरघळतो, पाणी थोडं आंबट होतं. सामू उतरला म्हणजे एवढंच. बंद हॉलमध्ये शंभर माणसं दोन तास श्वास सोडत होती, तो कुठे जाणार? पाण्यातच गेला. आता गंमत बघा.”

तिने दोन नवे पेले घेतले. एकात टाकीतलं साधं पाणी, दुसऱ्यात तेवढंच, पण बुवांकडून पुन्हा फुंकून घेतलेलं. आता दुसऱ्या बाटलीतलं रंगद्रव्य. मग मापनळीतून आम्ल थेंब थेंब सोडत ती पेला गोल फिरवत राहिली, रंग पालटेपर्यंत. पहिला पेला झाला. मग दुसरा. सुजित चष्मा लावून मापनळीवरच्या रेघा वाचत होता.

“सारख्योच,” तो म्हणाला. “दोघांकय आम्ल तेवढाच लागला.”

“हीच अल्कता. आम्ल सोसायची पाण्याची ताकद. श्वासानं पाण्याचं तोंड आंबट होतं, पण त्याची ताकद तसूभर कमी होत नाही. प्रवाळ याच ताकदीतून स्वतःचा सांगाडा बांधतं. रोज थोडी वापरतं, म्हणून रोज थोडा सोडा घालून ती भरून काढायची. कमी पडली तर वाढ खुंटते. एकदम चढली तर कोवळी टोकं भाजतात.”

“मग आपली किती आहे?” बुवांनी विचारलं.

हर्षदाने आकडा दोनदा पडताळून पाहिला. “असायला हवी त्याच्या दीडपट.”

तिने मात्रकाकडे बोट दाखवलं. “सामू उतरला की ताकद कमी पडली असं समजून हे सोडा ओतत राहिलं असणार.” मग बुवा हळूहळू म्हणाले, “म्हणजे पोर रडतंय ते झोप आली म्हणून. आणि ह्या दाईबाई म्हणतायत, रडतंय म्हणजे भूक लागली असणार. घाल तोंडात घास. आणखी रडलं? घाल आणखी एक.”

“अगदी तसंच.”

“रोज संध्याकाळी. नऊ दिवस.” बुवांचा आवाज चढला. तो कीर्तनातला चढलेला आवाज नव्हता. “आणि घास भरवणारा म्हणतो, पोर तुमच्या गाण्यानं मेलं.”

पण एक गोष्ट हर्षदाला उमजेना. मात्रक तर हेच करायचं की, जे तिने आत्ता टेबलावर केलं. घोटभर पाणी घ्यायचं, त्यात थेंबाथेंबाने आम्ल सोडायचं, रंग पालटला की अल्कता कळायची. त्यासाठी आम्लाच्या छोट्या कुप्या संस्थेकडून घरी येत. येत होत्या. होळीनंतर आल्या नव्हत्या. तिने चौकशी केली होती तेव्हा उत्तर आलं होतं की मात्रक आता अधिक हुशार झालं आहे, त्याला कुप्या लागत नाहीत. आणि तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. एक कटकट गेली. तिने उठून मात्रकाचं झाकण उघडलं. कुपीच्या जागी कोरडं भोक होतं. आम्लाचा वासही उरला नव्हता. बारावीच्या पोरांना वर्षभर बजावणारी आपण, मोजल्याशिवाय लिहू नका म्हणणारी, आणि स्वतःच्या घरात दोन महिने एका दिव्यावर विसंबून राहिलो. तिला स्वतःचीही चीड आली. तिने मात्रकाची पिन काढली.

त्या दिवसापासून सोडा बंद झाला. पण अल्कता उतरवायची तीही धसमुसळेपणाने नाही. जितकी घाई, तितकी नवी इजा. रोज सकाळी थोडं पाणी काढायचं, ताजं बनवलेलं खारं पाणी थोडं घालायचं, आणि थेंब मोजायचे. सुजित मापनळी धरायचा. खिडक्या पहाटे उघड्या राहायच्या. काही दिवसांनी एका फांदीच्या बगलेत प्रवाळजीवाचं तिळाएवढं तोंड उघडलेलं बुवांना दिसलं आणि ते बराच वेळ तिथेच वाकून उभे राहिले. टोकं मात्र गेली ती गेलीच. मूळ जगलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवी फुटतील, एवढीच आशा. हलवलं, प्रवासात घातलं, तर तीही नाही.

हर्षदाने सगळं संस्थेला कळवलं. उत्तर म्हणून ऋत्विक पेठे स्वतः आला, आणि त्याच्यासोबत एक गाडी आली. गाडीत थंड पेट्या होत्या.

“मॅडम, तुम्ही मात्रक बंद केलंत. नियमाप्रमाणे प्रवाळ परत न्यावं लागेल. नवी मुंबईच्या केंद्रात.”

“नवी मुंबईला पोचेपर्यंत ते मरेल, हे तुम्हाला माहीत आहे?”

हॉलमध्ये बुवा होते, सुजित होता. सुजितने त्याला खुर्ची दिली. “बसा पेठेसाहेब. कीर्तन नाय हां आज. मोकळेपणान बसा.”

हर्षदाने त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा थेंब मोजले. तो बघत राहिला. तो अडाणी नव्हता, त्याला पहिल्या पेल्यातच कळलं.

“कुप्या का बंद केल्या?” तिने विचारलं.

“एवढ्या घरांना दर महिन्याला आम्ल पोचवायचं म्हणजे...” तो थांबला. “आलेख काढून बघितले होते मॅडम. सामूवरून अल्कतेचा अंदाज बांधता येतो. चाचण्या झाल्या. बरोबर यायचं.”

“कुठे झाल्या चाचण्या?”

“केंद्रात.”

“तिथे किती माणसं असतात खोलीत?”

“एखादा तंत्रज्ञ.” त्याने मान खाली घातली. “हवा खेळती असते.”

“आणि घरात बारसं होतं, सत्यनारायण होतो, पावसाळ्यात खिडक्या बंद करून सगळं कुटुंब एका खोलीत झोपतं. घर म्हणजे माणसांचा श्वास, पेठे. तुम्ही घरात ठेवायचं यंत्र बनवलंत आणि घर त्यात धरलंच नाही?”

“मी वर कळवतो. पण मात्रकाचं हे अद्ययावतीकरण सगळ्या घरांत गेलंय. चूक आहे म्हटलं तर सगळं मागे घ्यावं लागेल, लोकांचा विश्वास उडेल, कार्तिकात लावणीच होणार नाही.” त्याने पाटी तिच्यापुढे केली. आवाज खाली आणून, खरोखर तिच्या भल्यासाठी सांगितल्यासारखं तो म्हणाला, “एक मार्ग आहे. हानी सामूहिक गायनामुळे झाली, यापुढे काळजी घेऊ, एवढ्यावर सही करा. मग मला गाडी रिकामी परत नेता येईल. प्रवाळ तुमच्याकडे राहील. तुम्ही हाताने मोजा, मी बघितलंच नाही असं समजा.”

बुवा उठले. “वहिनी, करा सही,” ते म्हणाले. “माझं नाव खराब झालं तर झालं. मी दुसऱ्या गावी कीर्तन करीन. जीव तरी वाचेल.”

हर्षदाने टाकीकडे पाहिलं. बगलेतलं ते तोंड अजून उघडं होतं. एक सही, आणि ते जगणार होतं. तिचा हात खरोखर पाटीच्या दिशेने गेला, हे सुजितने पाहिलं. मग तो परत आला.

“नाही,” ती म्हणाली. “तुमच्या नावाचं म्हणून नाही, बुवा. देवाचं नाव माझ्या सहीवर टिकून नाही. पण मी सही केली, की माझी एक लेक वाचते आणि बाकी सगळ्या घरांतल्या भाजतात. तिथे लोक गाणं बंद करतील, खिडक्या नाही उघडणार. यंत्र पाजत राहील. आणि लोक आपल्याच आरतीला दोष देत बसतील.”

“बाकी घरांत काही तक्रार नाही, मॅडम,” ऋत्विक म्हणाला.

“कुठून येणार? दिवा हिरवा आहे ना. तुमच्या घरी टाकी आहे?”

“डोंबिवलीला. आईकडे.”

“फोन लावा.”

“आत्ता?”

“मोजमाप करायला नका सांगू त्यांना. फक्त काय दिसतं ते विचारा. सगळं ठीक असेल तर मी सही करते.”

सुजितने चमकून तिच्याकडे बघितलं. बुवांनी हात जोडले, कोणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ऋत्विकने थोडा वेळ फोन नुसता हातात धरला. मग लावला, आणि हर्षदाने खूण केल्यावर आवाज मोठा केला.

“हं, बोल रे. जेवलास?” आईचा आवाज हॉलभर झाला. मागे कुकरची शिट्टी.

“जेवलो. आई, टाकी कशी आहे?”

“टाकी? मस्त आहे. परवा तुझ्या ताईचं डोहाळजेवण झालं ना इथेच, सगळ्या बायका टाकीपुढेच फोटो काढत होत्या. केवढी गर्दी. पाय ठेवायला जागा नव्हती, बाई.”

“खिडक्या उघड्या होत्या?”

“छे, या उकाड्यात? एसी लावला होता.”

ऋत्विकने फोन तोंडाजवळ घेतला. “आई, त्याची टोकं कशी दिसतात? ती जांभळी टोकं?”

“अरे, तेच तुला सांगणार होते. जांभळी नाहीत आता. पांढरीशुभ्र झालीत. इतकी स्वच्छ, कोणीतरी घासून काढल्यासारखी. ताई म्हणाली, बाळाच्या पहिल्या दातांसारखी दिसतात.” ती हसली. पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. “छान वाढतंय ना मग? ऋत्विक? अरे, गप्प का झालास?”